वाफसा

हिरवळीवर गाडी घातली तेव्हा ती घालायची नसते हे मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे वाचताना 'बिचाऱ्याला काय कल्पना' असं वाटायला लावणाऱ्या बऱ्याच जागा येतील, आणि त्या सगळ्या जागांचा फायदा मी त्या दिवशी पुरेपूर घेतलेला आहे.

पुणे, जुलैचा पहिला आठवडा. तीन दिवस पाऊस लागून राहिला होता आणि शनिवारी सकाळी एकदम लख्ख ऊन पडलं. कंपनीचे परदेशी क्लायंट आठवडाभर आले होते, त्यांच्यासाठी एका गोल्फ क्लबवर सकाळ बुक केलेली होती. मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही. मला नेलं ते दोन कारणांसाठी. त्यांच्या ज्या सिस्टिमवर आम्ही काम करतो तिचे आकडे मला तोंडपाठ आहेत, आणि मला गाडी चालवता येते. गाडी म्हणजे ती बॅटरीवरची छोटी कार्ट, जिच्या मागे काठ्यांच्या पिशव्या बांधतात.

सुरुवातीलाच आडवी दोरी बांधलेली होती आणि 'कार्ट फक्त रस्त्यावर' अशी पाटी. शेजारी पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ गमबूट घालून उभे होते. हेड माळी. सगळे त्यांना काका म्हणत होते, मीही तेच म्हणतो. ते आमच्या मॅनेजरना सांगत होते, "साहेब, आज चालत खेळा. न्हाईतर उद्या-परवा या. वरनं कोरडं दिसतंय, पण अजून वाफसा न्हाई."

मॅनेजर मराठी नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं: जमीन अजून ओली आहे म्हणतायत.

मॅनेजर हसले. ओली असणारच, पाऊस झालाय! क्लायंटही हसले. त्यांनी क्लबच्या कमिटीतल्या कोणाला तरी फोन लावला, पाच मिनिटांत काकांचा फोन वाजला, काका दोनदा "हो साहेब" म्हणाले आणि दोरी सोडायला वाकले.

वाफसा म्हणजे ओल नव्हे, हे मला माहीत होतं. माझे आजोबा कराड तालुक्यात शेती करायचे, आता वडील करतात. पेरणीच्या दिवसांत आमच्या घरात या एका शब्दाभोवती सगळं फिरायचं. पाऊस पडला की लगेच पेरायचं नसतं. पाणी मुरू द्यायचं, जमिनीतल्या भेगांतून, पोकळ्यांतून जास्तीचं पाणी खाली उतरू द्यायचं, त्याच्या जागी हवा शिरू द्यायची. ओल राहिली पाहिजे आणि श्वासही घेता आला पाहिजे, अशी जमिनीची एक अवस्था येते. ती दोन-चार दिवस टिकते आणि जाते. तो वाफसा. काही भागांत 'घात आली' म्हणतात. आजोबा मूठभर माती उचलून तिचा लाडू वळायचे आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचे. पडून फुटला, भुगा झाला, की औत जोडायचं. थप्पकन तसाच बसला तर घरी जाऊन चहा प्यायचा. लहानपणी तो लाडू टाकण्याचा मान मला असायचा. त्यामुळे 'जमीन ओली आहे' हे भाषांतर अज्ञानातून आलेलं नव्हतं. मला सोपं पडेल ते मी बोललो. वाफसा समजावून सांगायला दोन मिनिटं लागली असती आणि त्या दोन मिनिटांत मी क्लायंटसमोर 'नको' म्हणणाऱ्या माणसाच्या बाजूला जाऊन उभा राहिलो असतो.

सातव्या होलवर चेंडू रस्त्याच्या पार पलीकडे, उताराच्या तळाशी जाऊन पडला. मॅनेजर म्हणाले, सरळ आडवी घाल. मी घातली. मधोमध गेल्यावर चाकं फिरू लागली आणि गाडी जागच्या जागी बसली. मी घाबरून आणखी दाबली, तशी ती आणखी खाली गेली. बरोबरच्या कॅडीने आणि मी ढकलून ती बाहेर काढली. मागे वळून पाहिलं तर वीसेक फूट लांब दोन काळे चर. हिरव्या मखमलीवर कोणी विळा ओढल्यासारखे. कोणी काही बोललं नाही. क्लायंटने बूट झटकले. खेळ पुढे गेला, दुपारी जेवण छान झालं, आणि सोमवारी मॅनेजरने ग्रुपवर लिहिलं की शनिवार मस्त झाला.

त्यांच्या दृष्टीने तो खरंच मस्त झाला होता, आणि मला अडकून राहिलंय ते नेमकं इथेच.

आधी त्या जमिनीत काय झालं ते सांगतो. नंतर मी ते हावऱ्यासारखं वाचून काढलं. अपराधी वाटलं की मी वाचन करतो. गवताच्या मुळांना ऑक्सिजन लागतो आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. त्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या जवळपास दहा हजार पट हळू पसरतो. गवत तिथल्या तिथे गुदमरू लागतं. तरीही नुसतं पाणी साचलं तर ते काही काळ तग धरतं. पाणी उतरतं, हवा परत येते. पण त्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असताना वरून भार आला, माणसं आणि पिशव्यांसकट पाच-सहाशे किलोंची गाडी चार छोट्या चाकांवर आली, की ओल्या मातीचे कण एकमेकांवरून घसरतात आणि पोकळ्याच मिटतात. पाणी गेलं तरी त्या परत उघडत नाहीत. आपल्याकडची काळी चिकण माती तर या बाबतीत फारच मनाला लावून घेणारी आहे. चर डोळ्यांना दिसतो, पण खरं नुकसान त्याच्या खाली असतं, आणि ते दिसायला तीन-चार आठवडे लागतात. तिथे पुढच्या पावसाचं पाणी थांबतं, मुळं वरवरच राहतात, शेवाळ धरतं, मग एक पिवळा पट्टा उमटतो. तोवर गाडीवाला विमानाने घरी पोहोचलेला असतो.

यात आणखी एक फसवणूक असते. गोल्फच्या मैदानात जिथे भोक आणि झेंडा असतो ते ग्रीन, आणि तिथवर नेणारी लांब हिरवळ म्हणजे फेअरवे. नव्या पद्धतीची ग्रीन जमिनीवर नसतातच म्हटलं तरी चालेल, ती बांधलेली असतात. अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेने 1960 मध्ये त्याची पद्धत प्रसिद्ध केली: वर साधारण 30 सेंटिमीटर वाळूचा थर, त्याखाली 10 सेंटिमीटर खडी, त्याखाली पाइप. यातली गंमत मला इंजिनिअर म्हणून फार आवडली. बारीक वाळूखाली जाड खडी असली की पाणी पटकन खाली पडेल असं वाटतं, प्रत्यक्षात वाळू ते सोडतच नाही. थेंब थेंब धरून ठेवते. वरून पुरेसा भार झाला की मग एकदम मोकळं करते. कोरड्या दिवसांत ओल राहते, मुसळधार पावसात निचरा होतो, आणि हे सगळं एकाही सेन्सरशिवाय. तर असं ग्रीन पावसानंतर काही तासांत खेळायला तयार होतं. फेअरवे मात्र साध्या मातीचे असतात, त्यांना दिवस लागतात. पाहुण्याला झेंड्याजवळचं कोरडं ग्रीन दिसतं आणि तो म्हणतो, काय हा माळी, उगाच अडवतोय.

खेळाच्या नियमांनाही पाणी दिसतं, पण फक्त वरचं. 2019 पासूनच्या नियमावलीत त्याला तात्पुरतं पाणी म्हणतात. तुमच्या चेंडूभोवती पाणी साचलेलं दिसत असेल तर दंड न घेता चेंडू उचलून दुसरीकडे टाकता येतो. मात्र जमीन नुसती मऊ आहे, चिखल आहे, एवढ्यावर ही सवलत नाही. पाणी डोळ्यांना दिसलं पाहिजे. खेळणाऱ्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे, नाहीतर प्रत्येक जण रडत बसेल. पण पावसाने खेळाडूची गैरसोय केली तर त्याला सवलत मिळते, आणि खेळाडूने जमिनीची गैरसोय केली तर जमिनीने कोणाकडे जायचं? तिच्यासाठी नियमांत एकच जागा आहे. कमिटीने रेघ मारून 'दुरुस्तीखालची जमीन' असं जाहीर करायचं. कमिटीने. माळ्याने नाही.

मी हे सगळं एवढं मनाला का लावून घेतोय, असं माझ्या रूममेटने विचारलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. गवताला दुखत नाही. क्लबच्या मेंबरांकडे पैसे भरपूर आहेत. अठरा होलचं मैदान म्हणजे शंभर-दीडशे एकर जागा, शहराच्या मधोमध, जिथे बाहेरच्या माणसाला पाऊल टाकता येत नाही, आणि उन्हाळ्यात शहरात टँकर फिरत असताना तिथे स्प्रिंकलर चालतात. त्या जमिनीवर दोन चर पडले म्हणून तू झोप घालवतोस? मुठा सोडल्यावर नदीकाठच्या घरांत पाणी शिरतं तेव्हा काय करतोस?

त्याचं बरंचसं खरं आहे. त्या मैदानाबद्दल मला ममत्व नाही. वडिलांना फोनवर सांगितलं की इथे हरळी वाढवायला माणसं ठेवतात, तेव्हा ते खोकला येईपर्यंत हसले. कारण ते गवत हरळीच. गणपतीला एकवीस जुड्या वाहतो ती दूर्वा, शेतकरी ज्या तणाला शिव्या घालत आयुष्यभर खणत बसतो ती हरळी, आणि गोल्फवाले ज्याला बर्म्युडा म्हणतात ते, सगळं एकच: सायनोडॉन डॅक्टिलॉन. ग्रीनवर तिचीच आफ्रिकेतल्या एका चुलत बहिणीशी संकर केलेली जात लावतात. अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टन गावी या जाती तयार झाल्या म्हणून त्यांची नावं टिफड्वार्फ, टिफईगल अशी. त्यांना रुजणारं बी धरत नाही, काड्या लावूनच वाढवावी लागते, आणि ती तीन-साडेतीन मिलिमीटरवर कापतात. आमच्या बांधावरच्या हरळीला ही बातमी कळली तर ती काय म्हणेल देव जाणे.

तेव्हा गवतावर अन्याय झाला असं मी म्हणत नाही. हरळी आपल्या सगळ्यांना पुरून उरेल. क्लबवर झाला असंही नाही. माझ्या मते झाला तो काकांवर, आणि त्यांच्या मेहनतीवर झाला एवढंच म्हणणंही अपुरं आहे. दोन चर बुजवायला दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम. ते काय, त्यांचा पगारच त्याचा आहे, असं कोणीही म्हणेल. झालं ते असं की त्यांचा शब्द हलका झाला. त्या दिवशी ते 'नको' म्हणाले, आम्ही खेळलो, आणि मॅनेजरच्या नजरेने पाहिलं तर काहीच झालं नाही. पुढच्या जुलैत ते पुन्हा 'नको' म्हणतील तेव्हा कमिटीतल्या कोणालातरी आठवेल, मागच्या वेळीही असंच म्हणाला होता, खेळलो की आपण. ज्याच्या कामाचं यश म्हणजे काहीही न घडणं, त्याचं म्हणणं मोडून काही घडलं नाही असं दिसलं की तो कायमचा घाबरट ठरतो. पिवळा पट्टा नंतर उमटतो, तेव्हा त्याचा त्या शनिवारशी संबंध जोडणारा एकटाच माणूस असतो, आणि त्याला कोणी विचारत नाही.

हे मला इतकं नेमकं सांगता येतंय कारण एरवी मी त्या माणसाच्या जागी असतो. त्याच वर्षी जानेवारीत, एका शुक्रवारी संध्याकाळी, मी म्हणालो होतो की हे रिलीज सोमवारी करू. डेटाबेसमध्ये नुकताच मोठा बदल केला होता, तो अजून मागच्या बाजूला चालू होता, वरून सगळे आलेख हिरवे होते पण मला भरवसा नव्हता. का नाही ते मला दोन वाक्यांत सांगता येईना. सगळं हिरवं दिसतंय की, असं मला सांगण्यात आलं. रिलीज झालं. शनिवारभर काही झालं नाही आणि रविवारी पहाटे तीन वाजता माझा फोन वाजला. ज्यांनी रिलीज रेटलं ते झोपले होते, ऑन-कॉल मी होतो. त्या रात्री टर्मिनलसमोर बसून मी जे काही मनातल्या मनात बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचा सारांश एवढाच होता की ज्याला जमीन कळते त्याच्या हातात दोरी का नसते?

सहा महिन्यांनी दोरी माझ्यासमोर होती आणि ती सोडवण्यात माझाही हात होता. 'मला सांगितलं, मी चालवली' हे मी स्वतःला त्याच संध्याकाळी सांगून पाहिलं. पटलं नाही. कारण मॅनेजरला खरोखर माहीत नव्हतं. त्यांना कोरडं मैदान दिसलं आणि एक माळी दिसला. माहीत असलेली माणसं तिथे दोनच होती, काका आणि मी. काकांनी त्यांच्या परीने सांगितलं. त्यांच्या शब्दाला तिथे भाषाच नव्हती, ती भाषा होण्यासाठी मी उभा होतो, आणि मी 'ओली आहे' म्हणालो. चाकापेक्षा मला तो शब्द जास्त बोचतो. ज्ञान आणि अधिकार वेगळ्या माणसांकडे असणं ही काही आजची गोष्ट नाही. पण त्या दोघांच्या मध्ये बहुतेक वेळा एक तिसरा माणूस असतो. त्याला दोन्हीकडचं कळतं, आणि नुकसान अनेकदा त्याच्या गप्प राहण्यातून होतं. आपण, म्हणजे गावाकडून आलेले, चार वर्षं इंजिनिअरिंग केलेले, दोन्ही भाषा बोलणारे, बहुतेक ठिकाणी तो तिसरा माणूस असतो.

काही ठिकाणी दोरी खरोखर माळ्याच्या हातात राहिलेली आहे. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स हे गोल्फवाल्यांचं पंढरपूर. तिथे मोठी स्पर्धा सोडली तर रविवारी खेळ बंद असतो, गावातले लोक कुत्री घेऊन फिरायला येतात. 19व्या शतकात ओल्ड टॉम मॉरिस तिथला मैदानरक्षक होता. स्वतः मोठा खेळाडू, ओपन स्पर्धा चार वेळा जिंकलेला. तुम्हाला विश्रांती नको असेल पण मैदानाला हवी आहे, असं तो खेळणाऱ्यांना सुनवायचा अशी आख्यायिका आहे. अर्थात रविवार हा तिथे देवाचाही वार, त्यामुळे टॉमचं काम सोपं झालं असणार. आणि तो चार वेळा जिंकलेला नसता, नुसताच माळी असता, तर त्याचं कोणी ऐकलं असतं का, ही शंका मला आहेच.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती मला त्याच दिवशी भेटली होती. गाडी ढकलणारा कॅडी एकवीस-बावीस वर्षांचा होता. चिखलाने भरलेले हात पुसत तो मला म्हणाला, "तीन दिवस घरी बसलोय दादा. आज उघडलं ते बरंच झालं." त्यांना फेरीचे पैसे मिळतात. मैदान बंद, तर पैसे बंद. पुढचे काही दिवस मी या वाक्याचा आधार घेतला. बघा, काकांच्या 'नको'चीही किंमत कोणीतरी मोजतच होतं, आम्ही उघडायला लावलं म्हणून त्या पोराचं भलं झालं. स्वतःच्या सोयीची नैतिक गुंतागुंत शोधून काढण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

पुढच्या बुधवारी सकाळी कामाला जायच्या आधी मी क्लबवर गेलो. गेटवर अडवलं, काकांना भेटायचंय म्हटल्यावर सोडलं. मंगळवारी रात्री पुन्हा पाऊस झाला होता. काकांची माणसं लांब रबरी वायपरने ग्रीनवरचं पाणी ओढत होती, कारण साचलेल्या पाण्यावर ऊन पडलं की ते तापतं आणि खालचं गवत उकडून निघतं. बंकरमधली वाहून गेलेली वाळू दोघं फावड्याने परत उतारावर चढवत होते. एका ठिकाणी गाळाचा पातळ थर बसला होता, तो वाळायच्या आत पाइपने धुऊन काढणं चाललं होतं. वाळला की वाळूवर झाकण बसतं आणि पुढचं पाणी आत जात नाही. काका स्वतः वाकून गवतावर काहीतरी शोधत होते. पहाटेच्या दवात गवतावर कापसाच्या तंतूंसारखं पांढरं जाळं दिसलं तर तो पिथियम, एका रात्रीत पसरणारा रोग, आणि तो पाण्याच्या वाटेने आणि कापणीयंत्राच्या चाकांनी पुढे जातो. म्हणून आज यंत्र बाहेर काढायचं नाही. त्या सकाळी त्यांनी केलेल्या कामांपेक्षा न केलेली कामं जास्त होती.

मी सांगितलं, काका, त्या दिवशी ती गाडी मी चालवत होतो.

"माहीताय," ते म्हणाले. "कॅडीनं सांगितलं."

मी म्हणालो, मला ते चर बुजवायला मदत करायचीय. आज ऑफिसला उशिरा गेलो तरी चालेल.

ते पहिल्यांदाच नीट हसले. "आज? आज हात लावायचा न्हाई साहेब. आज त्यात उतरलात तर तुमचे बी पाय उमटतील. वाफसा येऊ द्या."

मी खरोखर बावळटासारखा उभा राहिलो. चार रात्री मनाशी ठरवून आलो होतो की जायचं, कबूल करायचं, हातात फावडं घ्यायचं, आणि नऊ वाजेपर्यंत हलकं होऊन बाहेर पडायचं. ती घाई गाडी घातली त्याच जातीची होती. तेव्हा चेंडू गाठायचा होता, आता माफी. जमीन तयार आहे का, हे दोन्ही वेळा मी विचारलं नव्हतं. काकांना माझ्या माफीची काही पडलेली दिसली नाही, आणि मला त्याचं थोडं वाईटही वाटलं, हे कबूल करतो.

निघताना कॅडीचं वाक्य त्यांना सांगितलं. बंद ठेवलं तर पोरांचे पैसे बुडतात, त्याचं काय? ते म्हणाले, "मी बंद कुठं म्हणलो हुतो? चालत खेळा म्हणलो. चालत खेळलं तर पिशवी कोण उचलतंय? पोरंच ना? गाडी आली की एका पोरात दोन साहेब भागतात." मग थोडं थांबून म्हणाले, "पण लई पावसात सगळंच बंद ठेवावं लागतं, तेव्हा बुडतात खरं. त्याला माझ्याकडं बी इलाज न्हाई." माझा सोयीचा पेच पहिल्या पाच वाक्यांत सुटला आणि शेवटच्या दोन वाक्यांत न सुटणारा होऊन परत आला.

पुढच्या सोमवारी दुपारी त्यांचा फोन आला. नंबर मीच दिला होता, करतील असं वाटलं नव्हतं. "उद्या सकाळी या. आलाय."

सहा वाजता पोहोचलो. काकांनी चराच्या कडेला पट्टीच्या फावड्याने काप घेतला आणि गवताची पट्टी मुळांसकट तव्यावरची भाकरी उलथावी तशी अलगद बाजूला केली. खालची माती दाबून निबर झालेली, कडेच्या मातीपेक्षा वेगळी चमकत होती. माझ्या हातात लोखंडी दाताळं दिलं. खोल खुपसायचं आणि नुसतं हलवायचं, उलटी करायची नाही. मी उलटी केली. त्यांनी न बोलता सरळ केली. मग थोडी वाळू मिसळली, पुन्हा भरलं, शेजारच्या पातळीपेक्षा बोटभर वर ठेवलं कारण ते बसतं, पट्टी परत अंथरली, कडांना वाळू झटकली. एक चर संपायला तास गेला. पायाने दाबायला गेलो तर म्हणाले, हाताने. मी गुडघ्यांवर बसून तळहातांनी हरळी थापत होतो, आणि गावाकडे माझे वडील कदाचित त्याच वेळी ती उपटत होते.

दुसऱ्या चराला हात घातला तेव्हा त्यांनी विचारलं, "गावाकडं पेरण्या झाल्या का?"

मला माहीत नव्हतं. बुधवारपासून घरी फोन केला नव्हता. तसं सांगितलं.

"इचारा की मग," काका म्हणाले आणि दाताळं माझ्या हातातून घेतलं. मी चिखलाच्या बोटांनी फोन काढला, स्क्रीन पुसायला पँटला घासला, तर तो आणखी भरला.